बगळ्याचा गुडघा

निवृत्तीनंतर मी तलासरीजवळच्या एका पाड्यावर मुलांना शिकवायला जातो. फळ्यावर बगळा काढून "याचा गुडघा कुठे?" असं विचारलं की मुलं पायाच्या मधल्या सांध्यावर बोट ठेवतात. मी हसून सांगतो, "तो घोटा. खरा गुडघा वर, पिसांत लपलेला." चुकेल त्याने पाटीवर बगळ्याचा पाय दहा वेळा काढायचा, हा नियम माझाच.

यंदा माझा उजवा गुडघा दुखायला लागला. पाड्याची चढण चढवेना, वर्ग बंद पडायची वेळ आली. सहा महिने गुडघ्याला तेल चोळलं, पट्टा बांधला. माझी चाल बघून चौथीतली नवशी म्हणाली, "गुरुजी, तुमचं दुखणं वर आहे, कमरेजवळ."

"पाय माझा की तुझा?" मी म्हटलं.

शेवटी डहाणूच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. "गुडघा ठणठणीत आहे, काका. खुब्याचा सांधा झिजलाय, त्याची कळ गुडघ्यात येते."

काठी टेकत वर्गात गेलो आणि मुलांना सगळं खरं सांगून टाकलं.

नवशीने तिची पाटी पुसून माझ्यापुढे धरली. "दहा वेळा, गुरुजी."