चादरीची दोन टोकं

पडद्यावर दोन बायका एक पांढरी चादर टोकांना धरून उभ्या होत्या आणि दोघींच्या चेहऱ्यांच्या जागी धुरकट डाग होते.

"यातली बुटकी ती मी," सासूबाई म्हणाल्या.

सुनेला ते सांगायची गरज नव्हती. कोपरं बाहेर काढून उभं राहायची ती ढब ती घरात रोज बघत होती.

हॉस्पिटलच्या लाँड्रीतल्या बायकांवरचा हा माहितीपट शेजारी बसलेल्या फिल्मवाल्या बाईंनी ऐन तरुणपणी केला होता. नवऱ्याला नाही म्हणायची सोय नव्हती, आणि आपल्यालाच हवंसं वाटलं तर ती बाई निर्लज्ज ठरायची, हे सगळं बायका त्यात बोलल्या होत्या. मात्र चेहरा झाकायच्या अटीवर. तेव्हा बरीच बोंबाबोंब झाली. आता इतक्या वर्षांनी तो पुन्हा दाखवणार होते, म्हणून केस पिकलेल्या फिल्मवाल्या बाई एकेकीला आपल्या खोलीवर बोलावून विचारत होत्या, चेहरा झाकलेलाच ठेवू की उघडा करू? सुनेला नवऱ्याने निघताना बजावलं होतं, आईचा चेहरा झाकलेलाच राहिला पाहिजे, नाहीतर मला चारचौघांत तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

"मला काय आवडतं ते कुणी विचारलं नाही," पडद्यावरच्या बुटकीचा आवाज सांगत होता. "मग मीही स्वतःला विचारायचं सोडून दिलं." सुनेने मान खाली घातली. हे वाक्य तिचंही होतं, पण तिथे कबूल करायची तिची छाती नव्हती.

सासूबाईंचं लक्ष मात्र बोलण्याकडे नव्हतंच. दोघी बायका चादर ताणून धरायच्या, एकमेकींकडे चालू लागायच्या आणि जवळ पोचायच्या आतच चित्र बदलायचं. दर वेळी तेच. शेवटी त्यांना राहवेना.

"याच्या पुढचं कुठे गेलं?"

बाई जरा ओशाळल्या. तुमच्या आयुष्यातला ताण दाखवायचा होता, ताणलेल्या चादरीत तो नेमका दिसायचा, जवळ आल्यावर नुसतं काम उरायचं, म्हणून कापलं, असं त्यांनी सांगितलं. पण कापलेलं टाकून दिलं नव्हतं. थोडी शोधाशोध करून त्यांनी तो तुकडा लावला.

त्यावर डाग नव्हते. समोरची उंच बाई, फटीचे दात दाखवत, अगदी स्वच्छ हसत होती. सासूबाईंचा हात तोंडावर गेला.

"शिडी," त्या म्हणाल्या. "हिचा साधा फोटोसुद्धा नव्हता गं माझ्याकडे."

सगळी लाँड्री तिला शिडीच म्हणायची. काम करताना बडबड चालणार नाही, असा मुकादम बाईंचा दंडक होता. त्यामुळे बोलायचं ते टोकाला टोक लावताना, एका घडीला एक वाक्य. एवढीशी गोष्ट सांगायला अख्खी सकाळ जायची, आणि ती सकाळ पुरायचीही नाही. मग एके दिवशी चादरीच्या दुसऱ्या टोकाला भलतीच बाई येऊन उभी राहिली. शिडीच्या नवऱ्याने बिऱ्हाड हलवलं, एवढंच कळलं. कुठे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

पडद्यावर शिडी वाकली, तिने आपली टोकं बुटकीच्या हातात दिली आणि कानाशी काहीतरी पुटपुटली. दोघी खुसुखुसू हसल्या. घडी वाकडी झाली होती. दोघींनी चादर उलगडली, मागे गेल्या, परत जवळ आल्या. पुन्हा वाकडी. तुम्हा दोघींना घडी कधी जमणार, असं मुकादम बाई कुठूनतरी करवादल्या.

सून हसायला लागली. "आई, माझ्या घडीला उठताबसता नावं ठेवता, आणि इथे तुम्हीच चुकताय की."

"चुकत नव्हतो," सासूबाई म्हणाल्या. "चुकवत होतो."

"मुद्दाम?" सुनेने विचारलं.

"टोकं नीट जुळली की चादर संपायची. मग दुसरी येईपर्यंत लांब उभं राहायचं."

पडद्यावर टोकं आता जुळली होती, पण शिडीने बोटं काढून घेतली नाहीत. बुटकीनेही सोडवली नाहीत. सुनेचं हसू विरलं. घरात इतक्या वर्षांत सासूबाईंनी कुणाकडेही असं बघितलेलं तिला आठवेना, आणि तिला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं.

हा तुकडा फिल्ममध्ये घालू का, असं बाईंनी हळूच विचारलं. नको म्हणालात तर कुणाला दिसणार नाही, हेही सांगितलं.

"आई, ह्यांनी निघताना..." सुनेने सुरुवात केली.

"काय सांगितलं असेल ते मला पाठ आहे. आधी त्याचा बाप सांगायचा." सासूबाई फिल्मवाल्या बाईंकडे वळल्या. "आमचं रडणं दाखवलंत, ते खरंच होतं. पण तेवढंच बघून लोकांना वाटेल, या बायकांना दुसरं काही मिळालंच नाही. हे घाला. आणि माझा चेहरा उघडा करा."

सून काहीतरी बोलायला गेली. मग तिने सासूबाईंचा हात आपल्या हातात घेतला.

"आणि यांचा?" बाईंनी पडद्याकडे बोट केलं.

सासूबाई त्या फटीच्या दातांकडे पोटभर बघत राहिल्या.

"तिचा राहू दे झाकलेला. तिला कुठे विचारलंय आपण? मी दिसले की पुरे. कुठे बसून बघत असेल, तर माझ्यासमोर कोण उभं आहे ते तिचं तिला कळेल."