राखीव

भिंगरीने डाव्या नडगीचा शिनगार्ड उजव्या पायाला बांधला, आणि ते समोर बसलेल्या शेपूटने पाहिलं.

ड्रेसिंग रूममध्ये दुसऱ्या कुणाचं लक्ष नव्हतं. कुणी स्टिकच्या मुठीला टेप गुंडाळत होती, कुणी डोळे मिटून बसली होती. थोड्याच वेळात भिंगरी देशासाठी हॉकीचा पहिला सामना खेळणार होती. तिचा खेळ बघायला तिची आई जन्मात पहिल्यांदा विमानात बसली होती आणि आता वर स्टँडमध्ये मांडीवर पिशवी घट्ट धरून बसली होती.

शेपूट राखीव होती. संघाबरोबर आलेली, पण अजून संघात नसलेली. कुणाला काही झालं तरच हिची पाळी. शाळेच्या संघापासून जिथे भिंगरी तिथे ही मागोमाग, म्हणून हे नाव पडलं आणि तिने ते हसत चालवून घेतलं. संघ जाहीर झाला त्या दिवशी तिने भिंगरीला कडकडून मिठी मारली होती आणि मग बाथरूमचं दार लावून पोटभर रडली होती.

काल सरावात एक चेंडू उडाला आणि भिंगरीच्या कानावर बसला. ती खाली पडली, लगेच उठली, डोकं झटकून हसली. तिच्याबरोबर सगळ्याच हसल्या. आज सकाळी मात्र दोघींच्या खोलीत तिने बाथरूमचा नळ पूर्ण सोडला. तरी ओकारीचा आवाज शेपूटला ऐकू आला. तोंड पुसत बाहेर येऊन भिंगरी म्हणाली, "कुणाला बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

बोलायच्या भरात ती बोलून गेली. शेपूटला मात्र तेव्हापासून दुसरं काही सुचत नव्हतं.

"शिनगार्ड बदल," ती हळूच म्हणाली. भिंगरीने खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग घाईत झालं असं काहीतरी पुटपुटत ते सोडायला लागली. बोटांना पट्टा सापडत नव्हता.

सांगितलं तर भिंगरीच्या जागी कोण जाणार, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. लोक काय म्हणतील तेही शेपूटला ठाऊक होतं. पोटदुखी म्हणतील. आणि अगदीच खोटं नसेल ते.

कप्तानाने हाक मारली. सगळ्या उभ्या राहिल्या. भिंगरी उभी राहताना भिंतीला धरून उभी राहिली.

शेपूट उठली आणि दाराशी बसलेल्या डॉक्टरबाईंकडे गेली. कालचा मार, सकाळची उलटी, आताचा शिनगार्ड, सगळं एका दमात सांगून टाकलं. डॉक्टरबाईंच्या हातातली कात्री थांबली. कोच मॅडम जवळच होत्या. त्यांनी शेपूटला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तिच्या जागी कोण खेळणार, माहितीये ना तुला?"

"माहितीये. मला नका पाठवू हवं तर."

"ते मी बघेन," मॅडम म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी भिंगरीला बाकावर बसवलं. आज वार कुठला, मागचा सामना कुणाशी झाला, असं विचारत गेल्या. भिंगरीने थट्टेवारी नेत उत्तरं दिली, त्यातली काही बरोबर आली. मग पाच शब्द सांगून परत म्हणायला लावले. तिला दोन आठवले. शेवटी डोळे मिटून एका पायावर उभं राहायला सांगितलं, आणि ती सरळ डॉक्टरबाईंच्या अंगावर कलंडली.

डॉक्टरबाईंनी मॅडमकडे बघून मान हलवली. भिंगरीची नजर एकेकीच्या चेहऱ्यावरून फिरत शेवटी शेपूटवर थांबली.

"घाल जर्सी," ती म्हणाली. "मिळाली ना जागा?"

शेपूटने बॅग उघडली. जर्सीची घडी अजून मोडलेली नव्हती.

मैदानावर पहिलाच चेंडू तिच्या स्टिकखालून निसटला. वरून कुणीतरी हुर्यो केली. दुसरा तिने अडवला, तिसरा अडवून पुढे दिला. मग अंगात वारं शिरल्यासारखी ती पळत सुटली. या पळण्याची चव तिला आवडली, आणि आवडली म्हणून स्वतःचा रागही आला.

पहिला क्वार्टर संपल्यावर ती घामाने निथळत बाकाशी आली. भिंगरीला इस्पितळात न्यायला गाडी फाटकाशी आलेली होती. आई खाली येऊन, पिशवी खांद्याला लावून, बाकावर बसलेल्या लेकीचा दंड धरून उभी होती. काय विचारावं हेच तिला कळत नव्हतं. भिंगरीने वर पाहिलं आणि ती मनापासून हसली.

"अगं, तू खेळतेयस? भारी! मग मी का नाही?"

"मघापासून हेच चाललंय तिचं," डॉक्टरबाई शेपूटच्या कानाशी म्हणाल्या. "सांगितलेलं राहतच नाहीये डोक्यात. काहीतरी सांगून वेळ मारून ने."

शेपूट तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "तुला लागलंय, भिंगरे. डोक्याला."

"पण मी तर कुणाला बोलले नव्हते," भिंगरी म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "मग डॉक्टरांना कुणी सांगितलं?"

आईही आता शेपूटकडेच बघत होती. मागे पंचांनी खेळाडूंना आत बोलावलं.

"मी," शेपूट म्हणाली.

भिंगरीचं हसू ओसरलं, अगदी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं.