पांढरी सावली

उआझुवाबाई नामिब वाळवंटाची कृष्णधवल छायाचित्रे लाल दिव्याच्या अंधाऱ्या खोलीत स्वतःच छापत, आणि तिथेही हेरेरो जमातीच्या बायकांची दोन शिंगांची कापडी टोपी त्यांच्या डोक्यावरून कधी उतरत नसे.

उद्याच्या प्रदर्शनासाठी निवडलेल्या वठलेल्या झाडाच्या चित्रात मात्र वाळूवर दोन शिंगांची पांढरी आकृती उमटली होती. चित्र टिपताना तिथे चिटपाखरूही नव्हते. निगेटिव्हही निष्कलंक होती.

"आई, तू वाकतेस तेव्हा तुझी टोपीच उजेड अडवते," मुलगा काव्हारी हसला. "उजेड अडला की कागद पांढरा राहणारच. काढ की ती! अंधारात कोण बघतंय?"

"तुझ्या बापानंही मला उघड्या डोक्यानं पाहिलं नाही, शहाण्या. तोंड फिरव तिकडं."

त्यांनी टोपी खुंटीला अडकवली, नव्या कागदावर उजेड सोडला आणि तो लांबूनच, हात मागे बांधून, पाहिला. मग कागद रसायनात बुडवला.

झाड उमटले. वाळू उमटली. मागोमाग ती पांढरी आकृतीही आली. झाडाला टेकलेली, उघड्या डोक्याची, हातात टोपी धरलेली.

उआझुवाबाईंनी खुंटीकडे पाहिले. खुंटी रिकामी होती.

"आई," पाठमोऱ्या काव्हारीने विचारले, "वळू का आता?"