बेल्जियमची बाटली

महाडात कुणी पाहील म्हणून आमचे बाबा बिअर प्यायला पोलादपूरला जातात. त्या दिवशी आमोदला पारखायचं होतं, म्हणून मलाही नेलं. आमोद माझ्या बहिणीशी लग्न ठरवायला बेल्जियमहून आला होता आणि येताना तिथल्या बिअरच्या दोन बाटल्या घेऊन आला होता. हायवेवरच्या चायनीजमध्ये त्याने नूडल्स मागवल्या आणि कशाबरोबर काय प्यावं यावर आमचं बौद्धिक सुरू केलं. बाबांनी एकादशी म्हणून फक्त शेंगदाणे घेतले. बिअरला मात्र नाही म्हणाले नाहीत.

"हिच्यात संत्र्याची साल असते, काका. म्हणून चायनीजबरोबर छान लागते."

"म्हणजे फळच की," म्हणत बाबांनी अर्धा ग्लास संपवला.

"आणि ही गव्हाची असते."

बाबांनी ग्लास खाली ठेवला.

"गव्हाची? मोडलात ना माझा उपवास. आमोदराव, ज्या माणसाला एकादशीला काय चालतं एवढंही कळत नाही, त्याच्या घरात मी मुलगी देणार नाही."

मग तोंड शुद्ध करायला त्यांनी आपली नेहमीची बिअर मागवली.