मुंगळे लागलेला गूळ

सकाळी नऊला विठाबाईंनी गुळाची अर्धी ढेप उचलून ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकली.

सून किर्ती पंधरा दिवसांची बाळंतीण. आळिवाचे लाडू सुरू केल्यापासून तिला उलट्या होत होत्या. अंगावर पिणारं पोरही आता हिरवी शी करत होतं. डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, "तो गूळ बदला. पुन्हा असं झालं तर दोघांना ॲडमिट करावं लागेल."

गूळ उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधला, स्वस्त पडतो म्हणून आणलेला. जाब विचारायला विठाबाई बदलापूरहून तडक तिथे गेल्या. दुकानात कोणी नव्हतं. त्या मागच्या गाळ्यात डोकावल्या.

आत सडक्या ढेपींचा ढीग होता. पाझरलेल्या रसात झुरळं रुतली होती. काही अजून मिशा हलवत होती. बनियनवाला एक माणूस अनवाणी त्या चिखलात उभा राहून फावड्याने गोळे कढईत लोटत होता. उंदराच्या लेंड्यांसकट. वर पांढरी पावडर पडली, मग पिवळा रंग. फेस चढला तसा आंबूस भपकारा विठाबाईंच्या घशात जाऊन बसला.

"मावशी, मागे कशाला आलात? इथे कस्टमर अलाउड नाही." मालक जितेश होता.

"हे खायला घालतोस लोकांना?"

"भट्टीत सगळं मरतं. आणि पिवळाधमक तुम्हालाच लागतो ना? काळा ठेवला तर हात कोण लावतो?"

विठाबाई बाहेर येऊन गटारावर ओकल्या.

घरी आल्यावर शेजारची संजीवनी म्हणाली, "काकी, मुंगळे लागलेत तोच घ्या. केमिकलच्या गुळाकडे ते फिरकत नाहीत. कुळगावात गावठी गुळाचं नवीन दुकान झालंय बघा."

तिथल्या काळपट ढेपीवर खरंच मुंगळे वळवळत होते. एरवी विठाबाईंना शिसारी आली असती. आज जीव भांड्यात पडला.

दुकानदार मिलिंदची बोटं लाल, सुजलेली होती.

"चावतात होय रे?"

"काय करणार मावशी? चांगला माल म्हटला की हे आलेच." त्याने ढेप मुंगळ्यांसकट कागदात गुंडाळली.

"झटक की आधी."

"घरी झटका. घरच्यांची पण खात्री पटू दे." फळीवरचा, झाकणाला भोकं पाडलेला डबा त्याने कोपराने मागे सरकवला.

ओट्यावर विठाबाईंनी मुंगळे झटकले. ते पुन्हा गुळाकडे वळले नाहीत, तेही बरंच झालं. दुपारी लाडू वळून झाले.

"खा गं. मुंगळ्यांनी पास केलाय."

"ई! त्यांचे पाय लागलेत याला, आई."

"जितेशच्या माणसाच्या पायांपेक्षा बरे."

बऱ्याच दिवसांनी किर्ती हसली.

सहाला विठाबाई संजीवनीसाठी ढेप आणायला पुन्हा कुळगावात गेल्या. दुकानात कोणी नव्हतं. त्या मागच्या बाजूला गेल्या.

शेवग्याखाली मिलिंद उकिडवा बसला होता. बुंध्याला साखरेचा पाक फासला होता. त्यावर जमलेले मुंगळे तो चिमटीत धरून एकेक करून भोकांच्या डब्यात टाकत होता.

विठाबाईंचा फोन वाजला. मुलगा सुयोग होता.

"आई, किर्तीने दोन लाडू संपवले. तिसरा घेऊ का, विचारतेय."