वाटचुके महाराजांची उत्तरपूजा

वाटचुके महाराज देवघरात सापडले. अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण यांच्या मधोमध, कपाळाला हळदकुंकू, डोक्यावर अक्षता, पायाशी तुळशीचं पान. मूर्ती बोटभर उंचीची, पण थाट असा, की तीन पिढ्या तिथंच बसलेत.

अनुश्रीनं कपाळाला हात लावला. काल रंग वाळायला म्हणून तिनं मूर्ती जेवणाच्या टेबलावर ठेवली होती. सकाळी द्वारकाआत्याला ती दिसली. दाढी, शाल, हातात कंदील. कुणी सत्पुरुष आहेत आणि पोरीनं त्यांना लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवलंय, एवढंच आत्यानं पाहिलं आणि पुढचं सगळं यथासांग केलं.

"आत्या, हे माझ्या गेमचे आहेत. दे ना इकडे. दोन वाजता लालबागला पोचायचंय."

"पूजा झाली त्यांची," द्वारकाआत्या म्हणाली. "आता उत्तरपूजा केल्याशिवाय हलवायचं नाही. बसवलेला देव असा उचलून नेतात का कुणी?"

"देव नाही गं. खोटा संत आहे. मी बनवलाय."

"मग तर झालंच. तूच बनवलास तर तुला सगळं मालूम असेल. नैवेद्याला काय लागतं यांना?"

अनुश्रीनं मनातल्या मनात आपली खेळाची वही चाळली. इंदूरच्या लालबागेतल्या खेळांच्या मेळ्यात आज तिला पहिल्यांदाच टेबल मिळालं होतं. पाच अनोळखी माणसं समोर बसणार, ती त्यांना धुक्यात बुडालेलं एक शहर सांगणार, आणि ती माणसं फासे टाकत त्या शहरात फिरणार. शहर तयार होतं, गल्ल्या तयार होत्या, राक्षस तर चिक्कार होते. अडलं होतं ते संतापाशी. अख्खं शहर ज्याच्यावर भरवसा ठेवतं असा संत हवा होता, आणि तिच्या वहीत वाटचुके महाराजांच्या नावापुढे नुसते आकडे होते. शक्ती सोळा, तेज अठरा. तिचा खेळातला जोडीदार नीरज परवाच म्हणाला होता, "हा संत नाही यार, बिजलीचं बिल आहे. लोक पाच मिनिटांत उठून जातील." तिला ते फार लागलं होतं, कारण खरं होतं.

"बोल ना." आत्या ताम्हण घेऊन पाटावर बसली. "काय खातात हे?"

"जलेबी," अनुश्रीनं दडपून दिलं. "पण अर्धीच."

"अर्धीच का?"

"उरलेली अर्धी ठेवतात. मागून कुणी रस्ता चुकलेला आला तर त्याला."

आत्यानं मान डोलावली. तिला ते पटलं. अनुश्री मात्र चकित झाली. हे कुठल्याही वहीत नव्हतं.

"आणि कंदील विझलेला का?"

पिवळा रंग संपला म्हणून. पण तेच सांगायला तिनं तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं. "मुद्दाम. पेटवला तर लोकांना वाटेल, यांना रस्ता माहीत आहे. सगळे मागे लागतील."

"म्हणजे यांना नाही माहीत?"

"बिल्कुल नाही! ते स्वतःच चुकतात. धुक्यात कुणी एकटं दिसलं की नुसते सोबत चालतात, गप्पा मारतात. माणूस आपला आपण घरी पोचतो, आणि महाराज पुन्हा चुकायला मोकळे."

आत्या खुदकन हसली. अनुश्रीलाही हसू आलं, आणि मग तिला कोण आवरणार! महाराजांचा वार बुधवार. त्यांना कुणी घाई केलेली खपत नाही. त्यांचा शिष्य एकच, तोही हरवला, आणि दोघं अजून एकमेकांना शोधतायत. म्हणून त्या शहरात सगळ्या दारांबाहेर दोन-दोन पाट मांडलेले असतात. ती हातवारे करत सांगत होती आणि आत्या प्रत्येक गोष्टीला "बरोबर" म्हणत होती, जणू तिला सगळं आधीपासून ठाऊक होतं आणि पोरगी फक्त उजळणी करत होती.

तेवढ्यात नीरज हेल्मेट घेऊन दारात आला. "चल ना अनु, जुन्या इंदुरातून निघायलाच अर्धा तास जातो," म्हणाला, आणि ऐकता ऐकता तिथंच उभा राहिला. थोड्या वेळानं त्यानं हळूच विचारलं, "आणि यांना नवस काय बोलायचा?"

उत्तर आत्यानं दिलं.

"नवस नाही बोलायचा. यांना फक्त सांगायचं, मला कुठं जायचं होतं."

मग नीरजनं घाईघाईनं मोबाइल काढला. "आत्याजी, प्लीज परत एकदा सांगा. लिहून घेतो."

सकाळच्या पोह्यांबरोबर आणलेल्या पुडीत एक जलेबी शिल्लक होती, कुणी हात न लावलेली. ती मोडून अर्धी महाराजांपुढे ठेवली. आत्यानं पाणी फिरवलं, अक्षता वाहिल्या, "पुनरागमनाय च" म्हणत मूर्ती जराशी उत्तरेला सरकवली. अनुश्रीनं सहज मागे पाहिलं. हेल्मेट कोपराला अडकवून नीरज डोळे मिटून उभा होता, हात जोडलेले. तिचा जीव भांड्यात पडला. आनंदानं तिला ओरडावंसं वाटत होतं, पण उत्तरपूजा चालू होती.

आत्यानं महाराजांना उचलून तळहातावर घेतलं आणि अगदी जवळ धरून, गावाला निघालेल्या वडीलधाऱ्यांशी बोलावं तसं, त्यांना सांगितलं, "जा महाराज हिच्यासोबत. हिला रस्ता मालूम आहे."