छान प्रश्न विचारलात

सुंदराबाई गेल्या हे कळलं, तेव्हा ओवी निळ्या टी-शर्टचं माप बघत होती. रविवारी कॉलेजचा ओपन डे होता. प्रवेशाआधी कॉलेज बघायला येणाऱ्या मुलांना आणि पालकांना फिरवायचं काम तिच्यासारख्या विद्यार्थ्यांकडे होतं. शिपाई दारातून म्हणाला, "काचवाली बाई गेली. हॉस्पिटलातून फोन होता."

ओपन डेचं काम बघणाऱ्या हेरंब सरांनी एक टी-शर्ट उलगडून धरला. "मीडियम कोणाला?"

सुंदराबाई त्याच सकाळी तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून पडल्या होत्या. ओपन डेसाठी बाहेरच्या काचा चकचकीत हव्या होत्या. कमरेला दोरी नव्हती. ओवी खाली पायऱ्यांवर बसली होती. रुग्णवाहिका येईपर्यंत बाईंचं डोकं तिच्या मांडीवर होतं. बाई शुद्धीत होत्या. एकदाच बोलल्या, अगदी स्पष्ट.

"घराक आताच कळवू नको गो. मगे ते जेवूचे नाय."

सरांनी ओवीला बाजूला घेतलं. "तू तिथे नव्हतीस. बाई पडली तेव्हाच बेशुद्ध झाली, असं ऑफिसनं कळवलंय. शुद्धीत होती म्हटलं की कोण काय विचारेल सांगता येत नाही. दोरी मागितली होती का, इथपासून सुरू होतं. आणि इंटर्नशिपला पहिली नावं तुम्हा लोकांचीच जातात, माहितीये ना?"

ओवीला माहीत होतं.

मग सरांनी सगळ्यांना समोर बसवलं. "अनोळखी प्रश्न आला तर घाबरायचं नाही. 'माहीत नाही' म्हणायचं नाही. हसायचं. 'छान प्रश्न विचारलात' म्हणायचं. नंबर घ्यायचा, 'माहिती घेऊन कळवते' म्हणायचं आणि पुढे चालायला लागायचं."

"सर, आणि कोणी बाईचं विचारलं तर?" स्वप्नील म्हणाला.

"तोही अनोळखीच प्रश्न."

दोघंतिघं हसले.

रविवारी बाई पडल्या होत्या त्या जागेवर सेल्फी पॉइंट होता. फुटलेल्या लाद्या बदलायला वेळ नव्हता, म्हणून वर हिरवा गालिचा टाकला होता आणि फुग्यांची चौकट उभी केली होती. परळच्या त्या आवारात सकाळपासून गर्दी होती. गेटवर प्रत्येकाच्या छातीवर 'आपलं स्वागत आहे'चा गोल स्टिकर लावत होते.

ओवीच्या घोळक्यात दहाबारा माणसं होती. त्यात एकटा आलेला एक माणूस होता. डोक्यावर टोपी, टोपीखाली नुकतंच मुंडण केलेलं डोकं. शर्टावर स्टिकर. हॉस्टेल, हजेरी, कँटीन, सगळे प्रश्न झाले. तो काही विचारत नव्हता, नुसता वर काचांकडे बघत होता.

दर्शना नावाच्या एका आईनं मुलीला फुग्यांच्या चौकटीत उभं केलं, स्वतः शेजारी गेली आणि त्या माणसाच्या हातात मोबाइल दिला. "काका, एक काढा ना आमचा. पाय आले पाहिजेत."

त्यानं काढला. पाय आले का ते डोळे बारीक करून पाहिलं आणि आणखी एक काढला. ओवी गालिच्याकडे बघत राहिली.

मोबाइल परत देऊन तो ओवीजवळ आला.

"बाय, एक विचारू?"

"विचारा ना, काका."

"मी रघू. नायगावला राहतो. सुंदरा माझी बायको. तुमच्या काचा पुसायची. तीन दिवस येतोय, गेटवर सोडत नव्हते. आज सगळ्यांना सोडतात म्हणून लायनीत घुसलो." त्यानं टोपी काढून हातात घेतली. "हापिसवाले बोलले, पडली तशी शुद्ध गेली. आसंल. पण ती गप ऱ्हाणारी बाई नाय. कायतरी बोलली असणार. मला हाक मारली काय, एवढंच पायजे. दुसरं काय नको. तिथं तुमच्यातलं कोण होतं काय?"

दर्शनाबाईंनी मुलीचा दंड धरला. "अहो काका, हे इथे कशाला काढता? मुली घाबरतात."

"नाय ताई, फकस्त विचारतोय."

"आम्हाला अजून लॅब बघायचीये," मागून कोणीतरी म्हणालं.

ओवीनं तोंड उघडलं. पलीकडे खांबाजवळ हेरंब सर उभे होते. त्यांनी फक्त स्वतःच्या ओठांच्या कोपऱ्याला बोट लावलं. हस.

ओवी हसली.

"छान प्रश्न विचारलात, काका," ती म्हणाली. "तुमचा नंबर देऊन ठेवा. मी माहिती घेऊन कळवते."

रघूचा चेहरा एकदम सैल झाला. इतक्या दिवसांत त्याचा नंबर कोणी मागितला नव्हता. त्यानं एकेक आकडा सावकाश सांगितला, मग तिच्याकडून परत म्हणवून घेतला.

"कवापण कर, बाय. मी जागाच असतो. गुरुवारपासून घास उतरत नाय बघ. एकदा कळलं म्हणजे जेवता येईल."

"हो, काका."

"देव बरं करो तुझं."

तो गेटकडे निघाला. स्टिकर काढायचा असतो हे त्याला माहीत नव्हतं. तसाच छातीवर घेऊन तो रस्त्याला लागला.

सर जवळ आले आणि त्यांनी बाकीच्यांनाही हाक मारली. "बघितलं? याला म्हणतात हँडल करणं."

ओवी माणसांना घेऊन लॅबकडे वळली.

रघूचा नंबर तिच्या मोबाइलमध्ये 'पालक, ओपन डे' या नावानं आहे. फोन अजून केलेला नाही.